तांबड्या दगडांची हद्द

१

पोळा होऊन आठवडा झाला होता. सोमवारी दुपारी दोनचा भोंगा वाजला आणि थोड्याच वेळात डोणगावजवळच्या पेंडीच्या कारखान्यात भक्‌कन आवाज झाला. लोक धावले तेव्हा महादेव धुवणाचं पाणी साचणाऱ्या हौदापासून पाच पावलांवर उताणा पडला होता. भुवया राहिल्या नव्हत्या, अंगातल्या बंडीचा कोळसा झाला होता. ट्रकमध्ये घालून मेहकरच्या दवाखान्यात नेईस्तोवर त्याचा जीव गेला.

बुधवारी सकाळी मॅनेजर अर्जुनरावांनी सत्यभामाबाईंना कचेरीत बोलावलं. त्या आत गेल्या तर टेबलावर एक टाइप केलेला कागद आणि शेजारी शाईचं पॅड उघडून ठेवलेलं.

"बाई, इथं अंगठा करा," अर्जुनराव म्हणाले.

सत्यभामाबाई कारखान्याच्या फाटकावर झडतीला बसत. वय पंचावन्नच्या पुढे, अंगाने काटक, नजर घारीची. या कारखान्यात सरकीच्या पेंडीत उरलेलं तेल हेक्झेन नावाच्या पातळ रसायनाने धुऊन काढत. त्या रसायनाला ठिणगी पुरते, म्हणून आत जाणाऱ्या प्रत्येकाची बिडी आणि काडीपेटी बाई फाटकावर काढून घेत आणि ज्याच्या त्याच्या नंबरच्या खणात ठेवत. पाच वर्षांत त्यांच्या हातून एक काडी सुटली नव्हती. लोक गमतीने म्हणत, मावशी काडीचा वास घेते.

"काय लिवलं हाय यात?"

"नेहमीचंच. महादेव कसा गेला त्याचा जबाब. उद्या अमरावतीहून फॅक्टरी इन्स्पेक्टर येणार आहेत. त्यांना कागद लागतो."

बाईंनी कागद उचलला, खिडकीकडे धरला आणि अक्षरांखाली बोट फिरवायला सुरुवात केली. दोन वर्षांमागे गावात साक्षरतेचा वर्ग निघाला तेव्हा त्या सुनेच्या बरोबरीने पाटी घेऊन बसल्या होत्या. कारखान्यात हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

अर्जुनराव हसले. "उलटा तर नाही ना धरला?"

बाईंचे ओठ हलत राहिले. मग त्यांनी मोठ्याने वाचलं. "'माझ्या हलगर्जीपणामुळे काडीपेटी आत गेली. मयत महादेव याने तांबड्या दगडांच्या आत, हौदाजवळ बिडी पेटवली व तो स्वतःच्या चुकीने मेला.'" त्यांनी कागद खाली ठेवला. "हलगर्जीपणा वाचाले मले दोनदा जीभ वयवा लागली, सायेब. पन कयलं."

अर्जुनरावांचं हसू मावळलं. त्यांनी खण उघडून टेबलावर अर्धवट जळलेली बिडी आणि एक काडीपेटी ठेवली. "ही त्याच्या अंगाजवळ सापडली. मग ती कुठून आत गेली? आभाळातून पडली?"

बाईंनी वाकून पाहिलं. पेटीवरचं चित्र कोरं करकरीत होतं, कोपरे धारदार.

"मानसाची छाती जयाली," त्या हळूच म्हणाल्या, "अन् कागदाच्या पेटीले झळबी नाई लागली?"

अर्जुनरावांनी पेटी खणात सारून खण लावला. "उद्या सकाळपर्यंत विचार करा. अंगठा केला तर नोकरी राहील. नाही केला तर मीच पोलिसात तुमचं नाव देतो. तुमच्या फाटकातून काडी गेली आणि माणूस मेला. हे पाप कुणाच्या माथी बसतं ते सगळ्या डोणगावाला कळेल."

बाई बाहेर आल्या. खरंच सुटली असेल का एखादी काडी? त्या सरळ फाटकावर गेल्या आणि बत्तीस नंबरचा खण उघडला. महादेवचा बिडीचा बंडल आत होता. काडीपेटीही आत होती. सोमवारी दुपारी त्याने स्वतःच्या हाताने दिलेली, तशीच.

मग मॅनेजरच्या खणातली पेटी कोणाची?

२

महादेवच्या बायकोचं, गीताबाईचं, घर कारखान्यापासून कोसभर. ओसरीवर ती भिंतीला टेकून बसली होती. सत्यभामाबाई शेजारी टेकल्या.

"मावशी, खरं सांग," गीता म्हणाली. "लोक म्हनते त्यानं बिडी पेटवली. तुह्या फाटकातून काडी गेली काय?"

"नाई गेली. त्याची काडी माह्या खनात हाय. पन माह्या एकटीचं कोन ऐकते? म्हून तुह्याकडं आली. तू त्याले शेवटचं धुतलं. अंगावर काय पाह्यलं ते सांग."

गीताने पदर तोंडाला लावला. "चेहरा, छाती, हात. सारं समोरून. पाठीले काहीच नोतं."

"हात कसे?"

"दोनी हात जयाले. पन उजव्या तयहातावर..." ती थबकली. "मधात बोटभर रुंदीचा पट्टा कोरा होता. आडवा. मले वाटलं, येवढी जागा देवानं काऊन सोडली असन."

सत्यभामाबाईंनी स्वतःचा उजवा हात उघडला, मिटला, पुन्हा उघडला.

"मुकादम त्याले हौदाजवळ कायले धाडत होता?"

"हौद तुंबला होता ना. आत उतरून गाळ काढ म्हने. हा दोन दिस टाळत होता. घरी येऊन म्हने, त्या हौदाचं तोंड पाह्यलं की मांगं फिरावं वाटते."

"भेत होता?"

"त्याचा बाप उंद्रीले पेवात मेला, मावशी. जमिनीतलं ज्वारीचं पेव उघडलं अन् तो घाईघाईनं उतरला. आतल्या कोंदट हवेनं तिथीच बसला तो बसलाच. हा तवा सात वर्साचा होता, काठावर उभा. हौदबी पेवासारखाच, तोंड बारीक अन् पोट मोठं. मुकादम हासला त्याले. म्हने, बाया उतरते असल्या खड्ड्यात."

"अन् सोमवारी?"

"सोमवारी जातानी म्हने, आज उतरतो. पन बापासारखा नाई उतरनार."

गीता रडू लागली. "माह्या पोराले लोक काय सांगतीन मावशी? तुहा बाप बिडीच्या तलफीनं मेला?"

सत्यभामाबाई उठल्या. "कागदावर तसं लिवलं हाय. पन कागद अजून कच्चा हाय. त्याच्यावर माहा अंगठा नाई."

३

कारखाना एक दिवसही बंद ठेवला नव्हता. मंगळवारी सकाळी हौदात माती टाकून आग विझल्याची खात्री केली, भोंगा वाजला आणि धुवणाचं पाणी पुन्हा हौदात येऊ लागलं. बुधवारी दुपारी सत्यभामाबाई हौदाकडे गेल्या तेव्हा मुकादम रंगराव तिथंच उभा होता. धिप्पाड माणूस, मिशीला पीळ, पण आज पीळ सैल पडलेला.

"मावशी, तुमचं काम फाटकावर."

"आज दुसरी पाळी झुंबरबाई सांभायते. म्या मनलं, महादेव कुठी पडला ते पाहून यावं." बाईंनी इकडे तिकडे पाहिलं. कारखान्याच्या इमारतीभोवती डोक्याएवढे दगड तांबड्या रंगाने रंगवून ओळीने मांडले होते. नव्या माणसाला पहिल्या दिवशी एवढंच शिकवत: तांबड्या दगडांच्या आत आग नाही, बाहेर काय करायचं ते कर. गाडीवान बॉयलरचे निखारे आणून बाहेर चूल मांडत आणि भाकरी भाजत. बॉयलरही बाहेरच होता, त्याच्या पोटात तर दिवसभर आग; तेवढ्या एका शेडला काडीपेटी ठेवायची परवानगी होती.

"हौद दगडाच्या आतच दिसते," बाई म्हणाल्या.

"पहिल्यापासून आतच हाय." रंगराव दुसरीकडे पाहत बोलला. "त्याले मालूम होतं. तरी पेटवली. आता काय करता!"

"पहिल्यापासून?"

"मावशी, तुमी जबाब द्या अन् मोकय्या व्हा. मोठ्या लोकाच्या तोंडी काऊन लागून राह्यल्या?"

त्याला कोणीतरी हाक मारली म्हणून तो गेला. सत्यभामाबाई उकिडव्या बसल्या. आयुष्याची तीस वर्षं त्यांनी खुरप्याने निंदण केलं होतं. गवत त्यांना अक्षरांच्या कितीतरी आधी वाचता येत होतं. त्यांनी हौदापलीकडचा एक तांबडा दगड दोन्ही हातांनी कलता केला.

खाली गवत होतं. दबलेलं, पण हिरवंगार.

पावसाळ्यात दगडाखाली आठ दिवस दबलेलं गवत पिवळं पडतं, महिनाभराने कुजून जातं आणि तिथं मुंग्या घर करतात. हे गवत परवापर्यंत ऊन पीत होतं. त्यांनी दुसरा दगड उचलला. तिसरा. सगळीकडे तेच.

मग त्या हौदाच्या अलीकडे, इमारतीच्या बाजूने चालू लागल्या. वीसेक पावलांवर त्यांना पाहिजे ते सापडलं. हिरव्या गवतात एका ओळीत तेरा पांढुरके डाग. एकेक डाग डोक्याएवढा, मधे ओली काळी माती आणि पळणाऱ्या मुंग्या.

सोमवारी दुपारपर्यंत तांबडे दगड इथं होते. हौद दगडांच्या बाहेर होता. आषाढात दगड सरकवताना त्यांनी फाटकावरून पाहिलं होतं, पण कुठवर सरकवले ते आज कळलं.

बाई ताठ उभ्या राहिल्या. महादेवने दगडांची हद्द मोडलीच नव्हती. तो गेल्यावर हद्दच उचलून त्याच्या पलीकडे नेऊन ठेवली होती.

पण हद्दीच्या बाहेर असला तरी हौदात भडका कशाने उडाला? धुवणाचं पाणी, त्याला कोण पेटवणार? आणि काडीशिवाय?

त्यांनी पुन्हा आपला उजवा हात मिटून पाहिला, आणि समोर बॉयलरच्या शेडकडे नजर गेली.

४

बॉयलरवरचा हबीब रोज बडबड करणारा माणूस. सत्यभामाबाई आत येताच तो फावडं घेऊन भट्टीकडे वळला.

"काय हबीब, दोन दिस झाले, सलाम नाई, चाहा नाई."

"काम बहुत है, मौशी."

"भितीवर दोन खुट्ट्या हायेत. एक कंदील हाय. दुसऱ्या खुटीखाली भितीवर काजयीचा डाग हाय, अन् कंदील नाई. कुठी गेला?"

फावडं हातातच थांबलं. "फुटला."

"कधी?"

"महिना झाला."

"काजय बोटाले लागून राह्यली, हबीब. महिन्यात पुसली गेली असती." बाईंनी काळं झालेलं बोट पुढे केलं. मग आवाज खाली आणला. "महादेवच्या उजव्या तयहातावर दोरीएवढा पट्टा कोरा राह्यला. मानूस बिडी मुठीत धरते का? दोरी धरते. त्यानं दोरीले बांधून काय सोडलं हौदात?"

हबीब कोळशाच्या ढिगावर मटकन बसला. त्याच्या काळ्या गालांवरून पाण्याच्या दोन रेघा उतरल्या.

"मीच मारलं त्याले, मौशी. माझ्याच हातानं."

"पयलं सांग, मंग कोनं मारलं ते पाहू."

"आमीबी उंद्रीचेच. आमच्या घरी दोन पेवं होती. पेव उघडलं की कंदील पेटवून दोरीनं आत सोडायचा, बराबर? जळत राह्यला तर हवा हाय, उतर. विझला तर उतरू नको. माझ्या अब्बानं मले शिकवलं, महादेवच्या बापानं त्याले शिकवलं, पन तो बाप मेला त्या दिवशी घाईत होता. महादेव आला अन् म्हने, हबीबभाई, कंदील दे, मी पाहूनच उतरतो. मी म्हटलं, शाबास, असंच कर. पेटवूनबी मीच दिला. हौद तर दगडाच्या बाहेर होता ना! आत असता तर मी दिला असता का?" त्याने तोंड झाकलं. "भडका झाला, तो मांगं पडला, कंदील त्याच्या झटक्यानं बाहेर आला. मी राखेत पुरला. म्हटलं, आग कोणाच्या हातची? हबीबच्या. पयलं मलेच धरतीन."

"अन् काडीपेटी?"

"ते चार वाजता. महादेवले दवाखान्यात नेल्यावर. मुकादम आला अन् म्हने, एक काडीपेटी दे, सायबाले पायजे. मी दिली."

सत्यभामाबाईंच्या डोळ्यांपुढे ती कोरी करकरीत पेटी आली. महादेव जळाला दोनला. पेटी बॉयलरवरून निघाली ती चार वाजता.

"हबीब, उद्या हे इन्स्पेक्टरपुढं बोलशील?"

"मले जेलात टाकतीन, मौशी!"

"अन् नाई बोलला तर महादेव बिडीबाज म्हून मरन, मी हलगर्जी म्हून मरन, अन् परवा त्या हौदात मुकादम दुसऱ्याले उतरवन. तोबी पेववाल्या घरचाच असन. तोबी तुह्याकडंच कंदील मांगाले येईन. मंग देशील?"

हबीबने फावडं उचललं आणि भट्टीत कोळसा ढकलला. भट्टी घुमत राहिली.

५

गुरुवारी अकरा वाजता इन्स्पेक्टर वामनराव आले. चष्मा, खाकी पिशवी, कमी बोलणारा माणूस. अर्जुनराव त्यांना हौदाकडे घेऊन गेले. मागोमाग सकाळपाळीची चाळीस-पन्नास बाया-माणसं जमली.

"हा हौद," अर्जुनराव सांगत होते. "धोक्याच्या हद्दीच्या आत. दगड पाहा. तरी त्याने इथं बिडी पेटवली. गेटवरच्या बाईच्या हलगर्जीपणाने काडी आत आली. ही पाहा पेटी."

वामनरावांनी पिशवीतून एक नकाशा काढला. मागच्या हिवाळ्यात तपासणीला आले तेव्हा त्यांनीच काढलेला. त्यात तांबडी ओळ हौदाला आत घेऊन पलीकडून गेली होती. त्यांनी नकाशा पाहिला, दगड पाहिले.

"बरोबर आहे. दगड जिथल्या तिथं आहेत."

अर्जुनरावांनी सुस्कारा सोडला. "बाईंनी जबाबावर अंगठा दिला की झालं."

सत्यभामाबाई गर्दीतून पुढे आल्या. "सायेब, नकाशात दगड हाय तसे दिसते. पन नकाशाले दगडाखालचं दिसत नाई." त्यांनी वाकून एक दगड उलटा केला. "हे गवत पाहा. मंग तिकडं चला."

वामनराव वाकले. हिरवं गवत पाहिलं. बाईंच्या मागे गेले, तेरा पांढुरके डाग मोजले, एका डागात बोट घालून मुंग्या पाहिल्या. ते उठले तेव्हा त्यांनी चष्मा काढला होता.

"हे दगड कोणी हलवले?"

सत्यभामाबाई बोलल्या. "दोनदा हलवले, सायेब. एकदा आखाडात. गोदामापर्यंत चिखल होता, गाड्या लांब उभ्या राहत, माल भरायले येळ लागे. गाड्या जवळ आल्या की गाडीवानाच्या चुलीबी जवळ येते, अन् दगडाच्या आत चूल चालत नाई. म्हून चुलीले नाई हलवलं, दगडाले हलवलं. मी फाटकावर बसून पाहत होती. मलेबी तवा त्यात काही वाटलं नाई, ते माहं चुकलं. दुसऱ्यांदा हलवले सोमवारी, भडक्यानंतर, तुमी येनार म्हून."

"हे सगळं अंदाजाने चाललंय!" अर्जुनराव ओरडले. "हौद आत असो की बाहेर, त्यात पाणी आहे. पाण्याला आग लागते का? भडका बिडीनेच उडाला!"

"पानी हाय म्हनता? बरं." बाई वळल्या. "रंगराव, हौदातून एक बालदी काढ. अन् फाटकाबाहेर चल. रस्त्यापलीकडं."

रंगराव जागचा हलला नाही. तेव्हा झुंबरबाईने बालदी उचलली. वामनराव तिच्या बरोबर गेले, हौदावर लोखंडी बालदी घासू न देता अलगद सोडायला लावली. माळावर, कारखान्यापासून शंभर पावलांवर, वाऱ्याची दिशा पाहून, त्यांनी ती घमेल्यात ओतली. सगळ्यांना मागे सरकवलं. लांब बांबूच्या टोकाला चिंधी बांधली, पेटवली आणि बांबू स्वतः हातात घेतला.

चिंधी घमेल्यापासून अजून हातभर दूर होती. तेवढ्यात पिवळी ज्योत स्वतःच उडी मारून तिला भेटायला आली. घमेलं भरून पाणी जळू लागलं.

बायांच्या तोंडून आवाज फुटला. म्हातारी सोजराबाई छातीवर हात ठेवून म्हणाली, "बाप्पा! मी त्या पान्यानं फरशी धुत होती!"

"हेक्झेन पाण्यावर तरंगतं," वामनराव सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "आणि त्याची वाफ हवेपेक्षा जड. ती वर उडून जात नाही, खड्डा शोधून त्यात साचते. तुंबलेला, अरुंद तोंडाचा हौद म्हणजे तिचं घरच. मी याचसाठी हौद हद्दीच्या आत घ्यायला सांगितला होता."

"तुमी कोनाले सांगितलं?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

"मॅनेजरना. लेखी. फलकही लावायला सांगितला."

"फलक हाय. इंग्रजीत हाय. मराठी शिकाले मले त्रेपन्न वर्सं लागली, आता इंग्रजीसाठी कोन थांबते?"

गर्दीत हशा पिकला आणि लगेच विरला, कारण बॉयलरच्या बाजूने हबीब येत होता. त्याच्या हातात राखेने माखलेला, काच फुटलेला कंदील होता. कड्याला दोरीचा जळका तुकडा लोंबत होता.

त्याने तो वामनरावांच्या पायाशी ठेवला आणि सगळं सांगितलं. पेवाचं, कंदिलाचं, चार वाजताच्या काडीपेटीचं.

वामनराव रंगरावकडे वळले. "पेटी तुम्ही नेली?"

रंगराव पुढे झाला. "सायबानं सांगितलं म्हून नेली. दगडबी सायबानं सांगितले म्हून सरकवले. अन् उतर म्हून..." तो कंदिलाशी खाली बसला. "उतर म्हून मीच सांगितलं. बाया उतरते म्हून हासलो बी मीच."

अर्जुनराव आता लाल झाले होते. "पण कंदील कोणी नेला? त्यानेच नेला ना? म्हणजे चूक त्याचीच! बिडी काय, कंदील काय, आग ती आगच!"

सत्यभामाबाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. एवढ्या जवळ की अर्जुनरावांना एक पाऊल मागे घ्यावं लागलं.

"त्याची चूक नोती, सायेब. त्यानं आपला बाप मरतानी पाह्यला, म्हून तो बिनापारखता उतरला नाई. आमच्याकडं शहान्या मानसानं जे कराचं तेच त्यानं केलं. पेवात भेव असते हवा नसल्याचं. तुमच्या हौदात भेव होतं हवाच पेटती असल्याचं. त्याच्याजवळ एक शहानपन होतं, तुमच्याजवळ दुसरं होतं. त्याचं त्यानं वापरलं. तुमचं तुमी फायलीत ठुलं, अन् त्याच्यावरचा दगड उचलून गाडीले वाट केली. तो निष्काळजीनं नाई मेला. काळजी घेतली म्हून मेला. हे लिवा. मंग मी सही करतो. अंगठा नाई, सही."

घमेल्यातली आग विझत आली होती.

वामनरावांनी वही काढली. पण लिहायला सुरुवात करण्याआधी ते गर्दीकडे वळले. "कारखाना आजपासून बंद. पुन्हा चालू होईल तेव्हा होईल. त्याआधी मला एक सांगा. तुम्ही रोज आत काम करता. तुम्हाला कुठं कुठं भीती वाटते?"

लोक एकमेकांकडे पाहू लागले. हे त्यांना आजवर कोणी विचारलं नव्हतं.

"मांगचं दार," झुंबरबाई म्हणाली. "त्याच्यापुढं पोत्याची थप्पी. पयाचं झालं तर कुठून पयू?"

"वरच्या मजल्यावर मुकादम खिळ्याचे बूट घालून लोखंडी जिन्यानं चढते," मागून एक जण बोलला. "ठिनगी म्या डोयानं पाह्यली."

"नळीच्या सांध्याले कापड गुंडाळलं हाय. वर्स झालं, टिपकून राह्यलं!"

"अन् हौदात उतराले दोरी कमरेले नाई बांधत, वरबी कोनी उभं राहत नाई!"

मग कोणी थांबेना. वामनराव लिहीत राहिले. पान उलटलं, दुसरं उलटलं. दीड वाजेपर्यंत त्यांनी सव्वीस जागा लिहून घेतल्या आणि एकेक जागा मोठ्याने वाचून दाखवली. महादेवच्या मृत्यूबद्दल त्यांनी जे लिहिलं तेही वाचलं. त्यात बिडी नव्हती. खाली सत्यभामाबाईंनी सही केली.

गर्दी पांगत असताना अर्जुनराव सत्यभामाबाईंच्या कानाशी येऊन दबक्या आवाजात म्हणाले, "इन्स्पेक्टर संध्याकाळच्या गाडीने जातील, बाई. मी इथंच आहे. कारखाना उघडेल त्या दिवशी फाटकावर यायची तसदी घेऊ नका."

६

कारखाना उघडायला तेवीस दिवस लागले. हौदाला लोखंडी जाळी बसली, मागचं दार मोकळं झालं, फलक मराठीत आला. वामनरावांनी भरलेल्या खटल्याचा निकाल लागायचा होता, तोवर अर्जुनरावांची खुर्ची त्यांच्याकडेच होती.

पहिल्या सकाळी सत्यभामाबाई नेहमीच्या वेळी आल्या. त्यांच्या स्टुलावर अर्जुनरावांनी नेमलेला नवा रखवालदार बसला होता. त्या फाटकाच्या दुसऱ्या खांबाला टेकून उभ्या राहिल्या.

भोंगा वाजला. माणसं आली. नव्या रखवालदाराने हात पुढे केला. पहिला होता हबीब. त्याने रखवालदाराकडे पाहिलंही नाही. तो दुसऱ्या खांबाशी गेला आणि बिडीचा बंडल बाईंच्या ओंजळीत ठेवला. त्याच्यामागे झुंबरबाई गेली. तिच्यामागे गीताबाई. ती आजच कामाला लागत होती, जाळी लागलेल्या हौदाजवळून तिला रोज जावं लागणार होतं. तिने पदराची गाठ सोडून दाखवली. मग अख्खी रांगच तिकडे वळली. रखवालदार थोडा वेळ रिकामा बसला, मग उठून स्टूल बाईंकडे आणून दिलं आणि स्वतःही रांगेत उभा राहिला.

तेवढ्यात धूळ उडवत जीप आली. भोंगा देत ती सरळ आत शिरू लागली. सत्यभामाबाई स्टुलावरून उठल्या आणि जीपच्या पुढे जाऊन उभ्या राहिल्या. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला.

"बाजूला व्हा!" अर्जुनराव ओरडले.

"खाली उतरा, सायेब. खिसे दाखवा."

"मला? मला खिसे दाखवायला सांगता?"

"आग मानूस पाहून लागत नाई."

रांगेतल्या पन्नास डोक्यांनी एकाच वेळी जीपकडे पाहिलं. एकही पाय फाटकाच्या आत जात नव्हता. भट्ट्या थंड होत्या, पेंडीने भरलेल्या गाड्या बाहेर उभ्या होत्या, आणि पन्नास माणसं आरामात, हात बांधून, वाट पाहत होती.

अर्जुनराव खाली उतरले. कोटाच्या खिशातून त्यांनी सिगारेटचं पाकीट काढलं. मग, बाईंचा हात पसरलेलाच राहिला म्हणून, चांदीचा लायटर काढला आणि त्या हातावर ठेवला.

"संध्याकाळी जातानी घेऊन जा," सत्यभामाबाई म्हणाल्या. मग त्यांनी मान वळवली. "चला, पुढचं कोन हाय?"